श्रावणबाळचे दीड हजार: रक्कम चोख, वाट वाकडी

पासष्टी ओलांडलेल्या आणि हाताशी काही नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात महिन्याला १५०० रुपये मिळतात. योजनेचे कागदावरचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. गावात तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात, आणि तहसील कचेरीत विचाराल तर ‘संगायो’ची खिडकी दाखवतात, कारण संजय गांधी निराधार अनुदान योजनेची जी शाखा, तिच्याच टेबलावर हेही काम चालते. इथे परीक्षण आहे ते या सेवेचे: अर्जापासून पैसे हातात पडेपर्यंत, आणि पुढे दरवर्षी ते चालू राहण्यापर्यंत.

निकाल आधीच सांगून टाकू. पैसे खरेच मिळतात. उशीर होतो, दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात, पण सुरू झालेला पगार बहुधा चालू राहतो. फॉर्म साधा आहे. अर्ज अडकतात ते फॉर्मच्या अलीकडे आणि पलीकडे: अलीकडे उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, पलीकडे आधार आणि बँकेच्या सांध्यात. या दोन जागा आधी पक्क्या केल्या तर मधले काम एका फेरीत उरकते. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. आधी फॉर्म आणतात आणि मग कागद शोधत फिरतात.

रक्कम कशी बनते ते समजून घेतले की पासबुक वाचता येते. २०१९ पर्यंत ६०० रुपये होते, मग १००० झाले, आणि जुलै २०२३ पासून १५००. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० आहेत. लाभार्थी दोन गटांत मोडतात. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे ते गट ‘अ’. त्यांच्या १५०० पैकी २०० रुपये केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेतून येतात आणि उरलेले राज्याचे. यादीत नाव नाही पण उत्पन्न कमी आहे, ते गट ‘ब’. त्यांना सगळे पैसे राज्यच देते. केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा वेगवेगळ्या दिवशी जमा होऊ शकतो, त्यामुळे ‘या महिन्यात दोनशेच आले’ अशी तक्रार घेऊन तहसील गाठण्याआधी आठवडाभर थांबून पासबुक पुन्हा भरून घ्यावे. जाता जाता एक सांगायलाच हवे. केंद्राचा दोनशेचा आकडा २००७ पासून तिथेच आहे. ऐंशीच्या पुढच्यांसाठी २०११ मध्ये तो ५०० केला, बाकीच्यांचा तसाच राहिला. २००७ साली दोनशेत किती किलो तूरडाळ येत होती आणि आज किती येते, हे कोणत्याही दुकानदाराला विचारावे.

अटी तीनच. वय ६५ पूर्ण. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य. आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव.

वास्तव्याच्या अटीत लोक उगाच घाबरतात. अट राज्याची आहे, गावाची नाही. चाळीस वर्षे मुंबईत गिरणीत काढून गेल्या वर्षी रत्नागिरीला परतलेला माणूस पात्र आहे. मुंबईची जुनी शिधापत्रिका, जुन्या मतदार यादीतले नाव, वीजबिल, काहीही जोडता येते. नव्या गावातला कोणी ‘तुम्ही इथले नाही’ म्हणाला तर नियमातले ‘राज्यात’ हे शब्द दाखवावेत.

खरी अडचण आहे २१,००० या आकड्यात. योजनेतला सगळ्यात निबर भाग हाच. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाने त्या कामावर ६८ दिवस भरले की २१,००० ओलांडले. म्हणजे हमीच्या कामावर शंभर दिवस प्रामाणिकपणे भरणाऱ्या घरातली म्हातारी कागदावर श्रीमंत ठरते. रक्कम सहाशेवरून दीड हजारावर गेली, मर्यादा मात्र तिथेच. आज मंजूर झालेला पगारच वर्षाला १८,००० होतो. या एका बाबतीत सेवेला पाचपैकी एक तारा, आणि तोही उदार मनाने.

लाडकी बहीण योजनेशी तुलना केली की गंमत आणखी कळते. तिथेही १५०० रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ती योजना वयाच्या ६५ पर्यंत. त्यामुळे साठ-सत्तर हजार उत्पन्नाच्या घरातली बाई पासष्ट पूर्ण होताच तिथून बाहेर पडते, आणि श्रावणबाळच्या दारात अडीच लाखांऐवजी एकवीस हजारांची पट्टी लावली जाते. वय वाढले, कमाई घटली, आणि दार अरुंद झाले. घरात ६४ वर्षांची बाई लाडकी बहीणचे पैसे घेत असेल तर पुढच्या कागदांची तयारी आत्ताच सुरू करावी.

आता उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदारांच्या सहीचा लागतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून, सेतू केंद्रातून किंवा गावच्या आपले सरकार सेवा केंद्रातून होतो. सोबत आधार, शिधापत्रिका, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल. (तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे. गावात तो तलाठीच आहे, आणि अजून बरीच वर्षे राहील.) लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणायला कोणी सांगितले तर आणू नका. मार्च २०२५ मध्ये उत्पन्न, रहिवासी आणि जातीच्या दाखल्यांसाठीचे ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क माफ झाले आहे. साध्या कागदावर स्वतः सही केलेली घोषणा चालते. सेवा केंद्राचे दर भिंतीवर लावलेले असावे लागतात, तेवढेच द्या आणि पावती घ्या.

दाखला कुठे बिघडतो ते नीट पाहू. तलाठी अहवाल लिहिताना जो प्रश्न विचारतो, तो कानाला गप्पांसारखा लागतो. “आजी, थोरला काय करतो?” आजी कौतुकाने सांगतात, “पुण्याला कंपनीत आहे, साहेब.” झाले. थोरला तीन वर्षांत एक रुपया पाठवत नसेल, पण शिधापत्रिका एकत्र असल्याने त्याचा पगार अहवालात येतो आणि दाखला साठ-सत्तर हजारांचा निघतो. खोटे बोलायची काही गरज नाही. मुलगा कुठे राहतो, वेगळा राहतो का, वेगळी चूल कधीपासून, पैसे देतो का, हे सगळे त्याच वेळी सांगावे आणि अहवालात लिहून घ्यायला लावावे. मुलगा खरेच वेगळा राहत असेल तर शिधापत्रिका आधी विभक्त करून घ्यावी. ते काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. वेळ लागतो, म्हणून सगळ्यात पहिले पाऊल हेच.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. नावावर दोन एकर कोरडवाहू असली तरी तलाठी तिचे काहीतरी उत्पन्न धरणारच. सामाईक खात्यात पाच नावे असतील आणि एकट्या म्हाताऱ्याच्या नावे सगळी जमीन मोजली जात असेल, तर आठ-अ चा उतारा जोडून हिस्सा किती तो दाखवावा. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: दीड हजार मिळावेत म्हणून जमीन मुलांच्या नावे करून देऊ नका. असा सल्ला देणारे कचेरीच्या आवारात भरपूर भेटतात. जमीन हातातून गेली की १५०० रुपयांत ती परत येत नाही. द्यायचीच असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. सांभाळ न केल्यास दिलेली जमीन परत मिळवायचे कलम २३ आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आहे, ते त्या अटीच्या जोरावरच उपयोगी पडते. आणि मुलगा कमावता असून बघत नसेल, तर त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. तिथे वकील लागत नाही. दीड हजारांपेक्षा ही वाट कित्येकांना जास्त कामाची आहे, पण मुलाविरुद्ध कागद करायला म्हातारी माणसे धजत नाहीत, तेही समजण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत हातात आलेला दाखला समितीपुढे जाईपर्यंत शिळा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. जून-जुलैत विद्यार्थ्यांच्या प्रवेशांमुळे सेतूवर झुंबड असते, पोर्टल मुंगीच्या पावलाने चालते. म्हणून दाखल्यासाठी ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात सोयीचा. पंधरा दिवसांत दाखला आला नाही तर अर्जाच्या पावतीवरचा क्रमांक घेऊन लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील करावे, त्याला मुदत ३० दिवसांची. पुढे दुसरे अपील, आणि शेवटी आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात अपिलाचा कागद नुसता दाखल केला तरी पुष्कळ वेळा दाखला बाहेर येतो.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर हा सगळा व्याप वाचतो. त्या यादीचा साक्षांकित उतारा उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी चालतो. ग्रामीण भागातली यादी २००२ च्या सर्वेक्षणावरून बनलेली आहे, त्यामुळे म्हातारीचे नाव तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाखाली शोधावे लागते. उतारा ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत मिळतो, शहरात नगरपालिकेत. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे. पिवळे कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असे नाही. शिधापत्रिकेचा रंग वेगळी गोष्ट, यादी वेगळी. उलट बाजूने, केशरी कार्ड आहे म्हणून अर्ज परत करणेही चूक. केशरी कार्ड १५,००० च्या पुढे एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळते, त्यामुळे केशरी कार्डवाल्याचे उत्पन्न २१,००० च्या आत असू शकते. असे तोंडी सांगून परत पाठवले तर ‘नाकारल्याचे कारण लेखी द्या’ एवढेच शांतपणे म्हणावे. बऱ्याचदा अर्ज घेतला जातो.

वयाच्या पुराव्यात सरकारने बऱ्यापैकी मोकळीक ठेवली आहे, याचे गुण द्यायलाच हवेत. जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतले किंवा मतदार यादीतले वय, आणि यातले काही नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दर्जाच्या शासकीय डॉक्टरने दिलेला वयाचा दाखला. खाजगी डॉक्टरचा चालत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातलाही परत येतो. घोळ होतो तो आधारमुळे. आधार काढताना ऑपरेटरने अंदाजाने वय टाकलेले असते, म्हणून असंख्य म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. मतदार यादीत ६८ आणि आधारवर ६१ असा फरक असेल तर अर्ज तिथेच थांबतो, कारण पैसे शेवटी आधारवरच जाणार. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून दुरुस्तीला जाताना कागद भक्कम न्यावा. जिथे शाळेचे तोंड पाहिलेले आहे तिथे शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो का ते आधी बघावे. एखादी इयत्ता झालेली असली तरी नोंद सापडते. नावाचेही तसेच: आधारवर ‘गोदावरी’, शिधापत्रिकेवर ‘गोदाबाई’, बँकेत ‘गोदूबाई’. माणसाला हे एकच वाटते, संगणकाला तीन बायका वाटतात. अर्जाआधी तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्यावे, आणि ते आधारवरचे असावे. बदलायला सोपे बँक आणि शिधापत्रिका हेच आहेत.

मग अर्ज. विहित नमुना तहसीलच्या संगायो शाखेत मिळतो, सेवा केंद्रातूनही भरता येतो. सोबत वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा यादीचा उतारा, रहिवासी दाखला, आधार, शिधापत्रिका, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन फोटो. सगळ्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक आपल्याकडे. हाताने दिला तर आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ही पोच पुढे एवढी कामाला येते की प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. ‘पुढच्या आठवड्यात या, मग पोच देतो’ याचा अर्थ अर्ज अजून नोंदवलेला नाही, असाच धरावा.

छाननी झाल्यावर अर्ज तालुक्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीपुढे जातो. समितीवर अशासकीय सदस्य असतात. समिती अस्तित्वात नसेल तेव्हा तहसीलदार पातळीवर काम चालते. सेवेतला सगळ्यात अपारदर्शक टप्पा हाच. बैठक कधी होणार हे खिडकीवरच्या माणसालाही ठाऊक नसते, निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळे गोठते, समित्या बदलल्या की नव्या नेमणुकांची वाट बघायची. इथे अर्जदाराच्या हातात एकच हत्यार आहे: मंजूर-नामंजूर यादी. बैठकीनंतर यादी निघते, ती मागून बघावी. नामंजूर असेल तर कारण लेखी घ्यावे. ‘त्रुटी’ असा शेरा असेल तर तो नकार नव्हे, कागद पुरवायचा असतो, आणि हे पत्र टपालाने येईल या आशेवर राहू नये. मधल्या काळात ‘समितीत ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणारे भेटतात. मंजुरीला एक रुपयाही लागत नाही. ज्याचे कागद पूर्ण आहेत त्याचे नाव दलालाशिवायही यादीत येते, आणि ज्याचे अपुरे आहेत त्याचे दलालाकडूनही टिकत नाही.

आता दुसरी कठीण जागा: बँक. पूर्वी तहसीलमधून बँकांना याद्या जात आणि खाते क्रमांकावर पैसे पडत. २०२४ च्या अखेरीपासून पैसे डीबीटी (लाभ थेट खात्यात) पोर्टलवरून आधारला जोडलेल्या खात्यात जातात. खाते क्रमांक फॉर्मवर कोणताही लिहा, पैसे जातील ते आधारच्या जोडणीवरून. मंजूर होऊनही पैसे न येण्याची बहुतेक प्रकरणे इथली.

‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ या दोन गोष्टी आहेत, आणि बँकेतले कर्मचारीसुद्धा दोन्हीला एकच शब्द वापरतात. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, बँकेने आधारची झेरॉक्स घेतली, ते लिंक. त्या खात्याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जातात त्या यादीवर, केली, ते सीडिंग. डीबीटीला दुसरे लागते. मॅपरवर एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि जी शेवटी नोंदली ती चालू. म्हणून घडते असे: आजींचे जुने खाते जिल्हा बँकेत, तिथे पगार येत होता. मध्ये लाडकी बहीणच्या गर्दीत किंवा गॅसच्या सबसिडीसाठी कोणीतरी पोस्ट पेमेंट्स बँकेत अंगठ्यावर नवे खाते उघडून दिले. त्या दिवसापासून मॅपर तिकडे वळला. आजी जुने पासबुक घेऊन महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात, आणि पैसे पोस्टाच्या खात्यात शांतपणे साठत असतात. ‘पैसे बंद झाले’ म्हणून येणाऱ्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारावा: गेल्या वर्षभरात कुठे अंगठा लावून नवे खाते उघडले का?

तपासायचे कसे? माय आधार पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस दिसते, त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. साध्या फोनवरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाकला तरी बँकेचे नाव कळते. हे अर्ज करण्याआधीच करावे. हवी ती बँक दिसत नसेल तर त्या बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग डीबीटीसाठी’ असा संमतीचा फॉर्म भरावा, नुसती झेरॉक्स देऊन येऊ नये. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासावे. खाते बरेच दिवस न वापरलेले असेल तर आधी बँकेत केवायसी ताजी करून ते चालू करून घ्यावे. नवे खाते उघडायचे झाल्यास शून्य शिलकीचे मूलभूत बचत खाते मागावे, त्यावर किमान शिलकीचा दंड नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणे फुकट आहे.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पगार थांबतो. तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये प्रत्यक्ष हजर राहून देता येतो. आता मोबाईलवर चेहरा ओळखून पडताळणीही होते. ही सोय अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खरेच चांगली, पण ती वापरताना माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, चष्मा आणि डोक्यावरचा पदर बाजूला करावा, आणि फोन म्हणेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायला सांगावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. कधी कधी नावसाधर्म्यामुळे जिवंत माणूस यादीत मयत लागतो. अशा वेळी आधार घेऊन स्वतः संगायोत उभे राहायचे, जिवंत असल्याचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. उलट, लाभार्थी वारला तर कळवणे वारसांचे काम. मृत्यूनंतर खात्यातून काढलेले हप्ते वसूल होतात.

पासष्ट पूर्ण नसतील पण सांभाळणारेही कोणी नसेल, तर श्रावणबाळऐवजी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा फॉर्म भरायचा. विधवा, घटस्फोटिता, दिव्यांग, क्षयरोग किंवा कर्करोगासारख्या आजाराने खचलेले, असे प्रवर्ग त्यात आहेत. रक्कम तीच, उत्पन्नाची २१,००० ची अटही तीच, फक्त दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजना मात्र पगार नाही. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा गोष्टींसाठी एकदाच ३,००० रुपये, वय ६५ आणि उत्पन्न दोन लाखांपर्यंत. श्रावणबाळ नाकारलेल्या माणसाला निदान हिच्यासाठी अर्ज करता येतो.

दीड हजार रक्कम कशी आहे? दुसऱ्या राज्याच्या मापाने पाहिले तर आंध्र प्रदेश जुलै २०२४ पासून ४,००० देतो, आणि तिथे महिन्याच्या सुरुवातीला कर्मचारी दारात येऊन पैसे देतात. आपल्याकडे हप्ता कोणत्या तारखेला पडेल हे अजून कोणी सांगू शकत नाही. म्हाताऱ्या माणसाचे औषधाचे दुकान तारखेवर चालते, आणि उधारी वाढली की दीड हजारातले काही पैसे आधीच खर्च झालेले असतात. रक्कम न वाढवता नुसती तारीख पक्की केली तरी या सेवेला आणखी एक तारा देता येईल.

पैसे काढताना. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या माणसाकडे, अंगठ्यावर रोख मिळते, सोयीचे आहे. पण ‘सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा लावा’ असे म्हटले तर दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी शिल्लक विचारावी आणि पहिल्या व्यवहाराची छापील पावती मागावी. एकाच अंगठ्याच्या दोन छापांत दोनदा पैसे निघाल्याची आणि हातात एकदाच पडल्याची प्रकरणे घडतात. कामाने झिजलेल्या बोटांवर यंत्राला रेषाच सापडत नाहीत, हेही नेहमीचे. तेव्हा दहाही बोटे करून बघावीत, हात कोमट पाण्याने धुवून पुसावेत. तरी नाही लागला तर शाखेत जाऊन पैसे काढण्याची स्लिप भरावी. सही करता न येणाऱ्या आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा कागदावरचा अंगठा बँकेला चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस हवा. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. ती आपणहून कोणी देत नाही, शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून मागावी लागते.